चालत्या मुडद्यांचे अंकगणित

भुताखेतांवर आपला विश्वास नसतो; निदान दिवसाउजेडी तरी नसतो. तरीही भयपट लागला की चित्रपटगृह भरते, आणि त्यात कॉलेजची मुले सर्वांत पुढे असतात. अशा कित्येक चित्रपटांतली पात्रेही कॉलेजचीच मुले असतात, हे त्याचे एक कारण असावे. पाच-सहा मित्रमैत्रिणी सुटीत कोठेतरी आडरानात जातात, नको त्या वस्तूला हात लावतात, त्यांच्यापैकी एकाला काहीतरी 'होते', आणि मग ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पसरत जाते.

या जातीचा एक गाजलेला अमेरिकन चित्रपट म्हणजे १९८१ साली प्रथम दाखवला गेलेला 'द ईव्हिल डेड'. मिशिगन राज्य विद्यापीठातील पाच विद्यार्थी टेनेसीच्या जंगलात एका मोडक्या लाकडी घरात सुटी घालवायला जातात, एवढीच त्याची गोष्ट. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा दिग्दर्शक सॅम रेमी जेमतेम वीस वर्षांचा होता. सगळा खर्च सुमारे पावणेचार लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लरच. म्हणून चित्रपट १६ मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर घेतला आणि नंतर ३५ मिलिमीटरवर मोठा करून घेतला. रक्त म्हणून वापरला तो मक्यापासून केलेला साखरेचा पाक आणि खाण्याचा रंग. हा चित्रपट प्रौढांसाठी आहे, आणि तो तुम्ही पाहावा असे मी मुळीच सुचवत नाही. आपल्याला त्यातले विज्ञान तेवढे हवे आहे.

त्यातली एक युक्ती मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला ती फार आवडावी अशी आहे. एक अदृश्य शक्ती जंगलातून सुसाट धावत घराकडे येते, हे दाखवण्यासाठी कॅमेरा घेऊन पळायला हवे. पण हातात कॅमेरा धरून पळाले, तर चित्र इतके हिंदकळते की प्रेक्षकाला काही दिसत नाही. हा हिसका शोषून घेणारे 'स्टेडीकॅम' नावाचे यंत्र त्या सुमारास निघाले होते, पण ते यांच्या खिशाला परवडणारे नव्हते. मग या मुलांनी काय केले? एक लांब लाकडी फळी घेतली, तिच्या मधोमध कॅमेरा बसवला, दोघांनी दोन टोके धरली आणि जंगलातून धूम ठोकली!

याने काय साधले ते पाहू. समजा फळी दोन मीटर लांब आहे. पळताना एकाचा हात ४ सेंटिमीटर वर उडाला, तर फळीचा मध्यबिंदू, म्हणजे कॅमेरा, फक्त २ सेंटिमीटर वर जाईल. हा झाला लहान फायदा. मोठा फायदा कलण्यात आहे. हातात धरलेल्या २० सेंटिमीटर रुंदीच्या कॅमेऱ्याची एक बाजू ४ सेंटिमीटर उचलली गेली, तर तो साधारण ४ भागिले २० रेडियन, म्हणजे सुमारे ११ अंशांनी कलतो. तीच उडी फळीच्या टोकाला बसली, तर कल होतो ४ भागिले २००, म्हणजे एक अंशाहून किंचित जास्त. शिवाय लांब, जड फळी झटक्याने फिरवणे अवघड असते, कारण तिचे वस्तुमान मध्यापासून दूरवर पसरलेले असते. डोंबारी तारेवरून चालताना हातात लांब काठी आडवी धरतो, ती याच कारणाने. विज्ञान मंडळाच्या एखाद्या शनिवारी फळीवर मोबाइल फोन घट्ट बांधून मैदानावर पळून पाहा; फरक डोळ्यांना दिसेल.

असो. मूळ विषयाकडे येऊ.

काटेकोर बोलायचे तर 'द ईव्हिल डेड'मधली मुले झपाटलेली आहेत. त्यांना 'झॉम्बी' म्हणता येणार नाही. 'झॉम्बी' ही कल्पना हैतीतल्या लोककथांतून आली. तेथला झॉम्बी म्हणजे मांत्रिकाने उठवून गुलामासारखा राबवलेला मृत मनुष्य. तो कोणाला चावत नाही. चावऱ्या, माणूस खाणाऱ्या मुडद्यांची रीत पाडली ती जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ सालच्या कृष्णधवल चित्रपटाने, आणि तोही सव्वा लाख डॉलरांच्या आत बनलेला. गंमत म्हणजे त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. त्यानंतर मात्र नियमच ठरून गेला : झॉम्बी चावला की चावा बसलेला माणूस मरतो, आणि थोड्या वेळाने तोही झॉम्बी होऊन उठतो.

असे प्रेत चालू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येते. आपण दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी अन्न खातो. म्हणजे सुमारे ८४ लाख ज्यूल ऊर्जा. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी तिला भागले, तर उत्तर येते ९७ वॅट. १०० वॅटचा दिवा जितकी ऊर्जा घेतो, साधारण तितकीच आपण रात्रंदिवस खर्च करतो. ज्याचा श्वास थांबला, रक्ताभिसरण थांबले, त्याच्या स्नायूंना ही ऊर्जा आणून देणार कोण? स्नायूंना सैल पडायलासुद्धा रासायनिक ऊर्जा लागते. ती संपली की मृत्यूनंतर काही तासांतच शरीर ताठ होते. तेव्हा मुडदा चालणार नाही. ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम त्याला चालू देणार नाही.

पण पसरण्याचे काय? एकाचे दोन, दोनाचे चार होत जाणे, हे तर खरोखर घडते. गोवर असाच पसरतो, फ्लू असाच पसरतो, आणि २०२० साली आपण सर्वांनी घरात बसून एक विषाणू असाच पसरताना पाहिला. तेव्हा झॉम्बी खोटा असला, तरी त्याचे गणित खरे आहे. ते वहीत मांडू.

समजा एका वसतिगृहात १०० जण आहेत. त्यांपैकी एक जण झॉम्बी झाला आहे; ९९ निरोगी आहेत. प्रत्येक झॉम्बी दिवसातून एकाला गाठतो असे मानू. गाठलेला निरोगी असेल तर चावतो. तो आधीच झॉम्बी असेल तर अर्थातच काही घडत नाही. आता, गाठलेला मनुष्य निरोगी असण्याची शक्यता 'निरोगी भागिले १००' इतकी. म्हणून,

दिवसभरातले नवे झॉम्बी = झॉम्बी × निरोगी ÷ १००.

पहिल्या दिवशी १ × ९९ ÷ १००, म्हणजे जवळजवळ १. एकाचे दोन झाले. दुसऱ्या दिवशी २ × ९८ ÷ १००, म्हणजे पुन्हा जवळजवळ २. दोनाचे चार झाले. असेच पुढे, अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात धरून, रोजच्या झॉम्बींची संख्या अशी येते : १, २, ४, ८, १५, २८, ४८, ७३, ९३, १००. नऊ दिवसांत वसतिगृह रिकामे!

आता रोज किती नवे झाले ते शेजारी लिहा : १, २, ४, ७, १३, २०, २५, २०, ७. या ओळीकडे नीट पाहा. सुरुवातीला आकडा दुप्पट होत जातो, अर्धे वसतिगृह बाधित होण्याच्या सुमारास शिखर गाठतो आणि मग उतरतो. तो उतरतो याचे श्रेय झॉम्बींच्या चांगुलपणाला देता येत नाही. चावायला निरोगी माणसे उरली नाहीत, एवढेच. चौकटीच्या कागदावर एकूण झॉम्बींचा आलेख काढलात, तर इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळणदार रेघ मिळेल. बेल्जियन गणिती फेरहुल्स्ट याने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसाठी ही रेघ मांडली होती. तिसऱ्या दिवसापर्यंत १०० पैकी ८ च झॉम्बी असतात, आणि वसतिगृहाचे अधीक्षक म्हणत असतील, 'आठच तर आहेत!' त्यानंतरच्या चार दिवसांत ७३ होतात.

खऱ्या रोगात एक गोष्ट वेगळी असते. रोगी कायम रोगी राहत नाही. तो बरा होतो, किंवा दुर्दैवाने मरतो. काही झाले तरी आणखी रोग पसरवत नाही. हे गणितात घालण्याचे काम विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी एडिंबरोत केले आणि १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. म्हणजे ही समीकरणे त्याने मनातल्या मनात हाताळली. मॅकेंड्रिक पेशाने डॉक्टर. तो अनेक वर्षे हिंदुस्थानात नोकरीला होता आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचा संचालकही होता.

या दोघांनी आपले सूत्र पडताळून पाहण्यासाठी कोणत्या साथीचे आकडे घेतले, ठाऊक आहे? आपल्या मुंबईचे! १८९६ साली मांडवी भागातून मुंबईत शिरलेला प्लेग पुढे वर्षानुवर्षे परतून येत राहिला. त्यांपैकी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या साप्ताहिक मृत्यूंचा आलेख त्यांच्या निबंधात छापला आहे. सतराव्या आठवड्याच्या सुमारास तो आठवड्याला नऊशेच्या घरात जाऊन शिखर गाठतो आणि मग तितक्याच सफाईने खाली येतो. त्या वळणाचा प्रत्येक ठिपका म्हणजे मुंबईतल्या चाळींतून उठलेल्या तिरड्या आहेत, हे आलेख पाहताना विसरू नये. प्लेग मुळात उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. तेव्हा माणसापासून माणसाला लागण होते असे धरणारे सूत्र येथे ढोबळच होते, आणि ते ढोबळ आहे हे लेखकांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

त्यांच्या विचाराचा गाभा आपल्या वसतिगृहात सहज दाखवता येतो. समजा, रोज रोग्यांपैकी निम्मे बरे होतात. १० रोगी असतील तर रोज ५ कमी होणार. आणि नवे किती येणार? १० × निरोगी ÷ १००. निरोगी ८० असतील, तर नवे ८ आणि बरे ५, साथ वाढणार. निरोगी ५० असतील, तर नवे ५ आणि बरेही ५; साथ जागच्या जागी. निरोगी ४० च असतील, तर नवे ४ आणि बरे ५, साथ ओसरणार. म्हणजे निरोगी, अर्थात रोग होऊ शकेल अशा माणसांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली, की साथ आपोआप मावळू लागते. येथे तो उंबरठा ५० आहे. कलनशास्त्राने हिशेब केला, तर या उदाहरणात १०० पैकी सुमारे ८० जणांना रोग होऊन जातो आणि सुमारे २० जण सुटतात.

लसीकरणाचे सगळे गणित या उंबरठ्यात आहे. वसतिगृहातल्या निम्म्याहून जास्त मुलांना आधीच लस दिलेली असेल, तर साथ सुरूच होऊ शकत नाही. म्हणजे लस न घेतलेला मुलगासुद्धा वाचतो. उंबरठा रोगागणिक वेगळा असतो. सर्व जण रोग होण्याजोगे असताना एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, त्या संख्येने १ ला भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. एक रोगी दोघांना देत असेल, तर १ वजा १/२, म्हणजे ५० टक्के. गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. म्हणून गोवराच्या लसीसाठी ९० टक्क्यांवर समाधान मानून चालत नाही.

आता झॉम्बीकडे परत जाऊ, कारण तेथे फार मजेदार फरक पडतो. झॉम्बी बरा होत नाही. तो स्वतः मरत नाही, कारण तो मेलेलाच असतो! त्याला संपवायचे तर माणसानेच गाठून संपवायला हवे. म्हणजे झॉम्बी वाढतो तोही भेटीत आणि कमी होतो तोही भेटीतच. समजा दर १० झटापटींत ६ वेळा झॉम्बी चावतो आणि ४ वेळा माणूस त्याला संपवतो. हिशेब करा : झॉम्बी ६ ने वाढले, ४ ने घटले. निव्वळ २ ने वाढले. माणसे ६ ने घटली. वसतिगृहात १०० जण असोत की गावात १०,००० असोत, हा हिशेब बदलत नाही. उंबरठाच नाहीसा झाला! रोग विरळ वस्तीत विझतो. झॉम्बीची साथ विरळ वस्तीत फक्त सावकाश पसरते. निकाल एकाच गोष्टीवर ठरतो : चावण्याचा वेग जास्त की संपवण्याचा. ६ आणि ४ यांची अदलाबदल केली, तर माणसे नक्की जिंकतात.

हे मी विनोदाने लिहितो आहे असे समजू नका. कॅनडातील ओटावा येथील चार गणितींनी २००९ साली यावर खराखुरा निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी प्राध्यापक स्मिथ आपल्या आडनावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावतात. तो छपाईचा दोष नव्हे. पुढे २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या मंडळींनी 'फिजिकल रिव्ह्यू' या मान्यवर नियतकालिकात सबंध अमेरिकेच्या नकाशावर ही साथ संगणकाने पसरवून दाखवली. शहरे झपाट्याने पडली. रॉकी पर्वतातले विरळ वस्तीचे भाग फार उशिरापर्यंत तगून राहिले. असे निबंध विद्यार्थ्यांना गोडी लावण्यासाठी लिहिले जातात, आणि माझ्या मते ती काही कमी योग्यतेची गोष्ट नाही.

मोठ्या संख्येत 'सरासरी' राज्य करते. लहान संख्येत मात्र नशीब राज्य करते, आणि जंगलातल्या घरात तर पाचच जण होते. शिक्षकांनी वर्गात हा खेळ जरूर करून घ्यावा. डब्यात १० चिठ्ठ्या टाका. ६ वर 'चावा' लिहा, ४ वर 'वार'. एक झॉम्बी आणि चार माणसे घेऊन सुरुवात करा. चिठ्ठी काढा. 'चावा' आला तर एक माणूस कमी आणि एक झॉम्बी जास्त. 'वार' आला तर एक झॉम्बी कमी. चिठ्ठी परत टाकून डबा हलवा. एक बाजू संपेपर्यंत खेळा. प्रत्येक झटापटीत झॉम्बीच वरचढ आहे, तेव्हा बहुतेक वेळा तोच जिंकेल, असे वर्ग एकमुखाने सांगेल. प्रत्यक्षात १०० डाव खेळलात, तर सुमारे ५७ डाव माणसे जिंकतील! कारण सुरुवातीला झॉम्बी एकटाच असतो. पहिलीच चिठ्ठी 'वार' निघाली की खेळ खलास, आणि तसे ४० टक्के वेळा होते. परगावाहून आलेला एखादा रोगी पुष्कळदा साथ न पसरवताच बरा होतो, त्याचे कारण हेच आहे. आणि तो एकटा आहे तोवरच त्याला वेगळे ठेवणे स्वस्त पडते, त्याचेही.

चाव्याने पसरणारा, मेंदूत शिरणारा, आणि ज्याला झाला त्याला चावायला लावणारा रोग केवळ चित्रपटात असतो असे तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या गल्लीतच त्याचा पत्ता मिळेल. त्याचे नाव रेबीज. त्याचा विषाणू चाव्यातून शिरतो, नसांतून हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि शेवटी लाळेत उतरतो. पिसाळलेला कुत्रा चावत सुटतो आणि विषाणूला पुढचे घर मिळते. माणसापासून माणसाला तो सहसा जात नाही. माणूस त्याच्या वाटेचा शेवट असतो. पण लक्षणे दिसू लागल्यावर वाचणे जवळजवळ अशक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे याने मरतात. त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतात. आणि संशयित जनावराने चावलेल्यांत १०० पैकी ४० मुले असतात, पंधरा वर्षांखालची. म्हणजे तुमच्या वयाची.

झॉम्बीपेक्षा येथे आपल्याला एक मोठी सवलत आहे, ती म्हणजे वेळ. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडा, कधी वर्षही. तेवढ्यात शरीराला लसीने तयार करता येते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला याच तत्त्वावर वाचवले. म्हणून कुत्रा, मांजर, माकड कोणीही चावले किंवा ओरखडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. तिखट, चुना, हळद काहीही भरू नये. मग त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि लसीचे सांगितलेले सगळे डोस पुरे करावेत. मार बसेल म्हणून घरी न सांगणारी मुले असतात. शिक्षकांनी वर्गात हे मुद्दाम बोलावे.

आता शेवटचे गणित. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी किती कुत्र्यांना रोग देतो? निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत ही संख्या एक आणि दोन यांच्या दरम्यान येते. आपण १.७ धरू. मघाचे सूत्र लावले, तर १ वजा १/१.७, म्हणजे सुमारे ४१ टक्के कुत्र्यांना लस दिली की पुरे. मग जागतिक आरोग्य संघटना ७० टक्के का सांगते? कारण कुत्री मरतात आणि पिल्ले जन्मतात. पिल्लांना लस नसते. समजा गावात १०० कुत्री आहेत, आणि वर्षभरात त्यांतली ३० मरून तितकीच नवी पिल्ले येतात. ७० कुत्र्यांना लस दिली असेल, तर वर्षअखेर लसवंत कुत्री उरतील ४९. अजून उंबरठ्याच्या वर. आणखी एक वर्ष काही केले नाही, तर उरतील ३४. उंबरठ्याखाली. म्हणून मोहीम दर वर्षी काढावी लागते. गोव्यात अशीच मोहीम सातत्याने राबवली गेली, आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झाले, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नव्हती.

७० ऐवजी ५० पासून सुरुवात केली तर उंबरठा कधी ओलांडला जाईल, ते वहीत काढा. आणि आपल्या गावात, आपल्या वाडीत किती कुत्री आहेत, त्यांपैकी किती जणांच्या गळ्यात लस दिल्याची खूण किंवा पट्टा आहे, तेही मोजून पाहा. मोजताना मात्र लांबूनच मोजा.